जुने घर घेण्यापूर्वी तपासणीसाठी जाणकार माणूस कसा निवडावा? (नागपूर, त्रिमूर्तीनगर परिसर)

वऱ्हाडची लेक

सप्रेम नमस्कार. आम्ही उभयता अमरावतीहून नागपुरात स्थायिक होण्याच्या विचारात असून त्रिमूर्तीनगर परिसरातील एक दुमजली स्वतंत्र घर आम्हाला पसंत पडले आहे. तळमजला 1993 सालचा असून वरचा मजला 2007 मध्ये चढवला, असे विक्रेते सांगतात. घराला नुकताच रंग दिलेला असल्यामुळे पाहताक्षणी सारे नीटनेटके वाटते. मात्र मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी गेलेली एक भेग रंगाखालूनही बोटाला लागते, आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर हात फिरवला की पापुद्रे सुटतात. याविषयी विचारले असता विक्रेत्यांनी हसून "नागपुरात कोणत्या घराला भेग नाही?" असा उलट प्रश्न केला.

इसार देण्यापूर्वी घराची रीतसर तपासणी करून घ्यावी, असे आम्ही ठरवले आहे, पण ती कोणाकडून करावी याबद्दल जितकी तोंडे तितकी मते ऐकू येत आहेत. दलाल स्वतःच्या ओळखीचा माणूस पाठवतो म्हणतात. बँकेत सांगण्यात आले की कर्जाआधी बँकेचा अभियंता घर पाहणारच आहे, वेगळा खर्च कशाला करता? माझ्या मोठ्या भावाचे म्हणणे असे की तीस वर्षे काम केलेला मिस्त्री पुरेसा आहे. इंटरनेटवरून शोधून मी स्वतः दोन 'होम इन्स्पेक्टर' मंडळींशी बोलले. दोघांनीही आपण प्रमाणित असल्याचे सांगितले, परंतु हे प्रमाणपत्र कोण देते, असे विचारल्यावर एकाने विषय बदलला आणि दुसऱ्याने एका परदेशी संस्थेचे नाव घेतले.

तरी अशा कामासाठी कोणती पात्रता खरी मानावी, आणि माणूस नेमण्यापूर्वी त्याला काय विचारावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना व्हीआरसीईवाला

ताई, आपण इसार देण्यापूर्वी विचारले, हे फार बरे झाले. बहुतेक लोक रजिस्ट्री झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात विचारतात.

प्रथम पात्रतेविषयी. आपल्या देशात 'होम इन्स्पेक्टर' या नावाचा सरकारी परवाना अस्तित्वात नाही. अमेरिकेतही सर्वत्र सारखी स्थिती नाही. टेक्सासमध्ये या व्यवसायासाठी राज्याचा परवाना लागतो, कॅलिफोर्नियात लागत नाही. त्यामुळे इथे कोणाच्या कार्डावर 'प्रमाणित' असे छापलेले असेल, तर तो बहुधा एखाद्या खासगी संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला असतो. तो दाखला निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, कारण पद्धतशीर पाहणी कशी करावी आणि अहवाल कसा लिहावा हे त्यातून शिकता येते. परंतु तिकडच्या अभ्यासक्रमांचा भर तिकडच्या लाकडी सांगाड्याच्या घरांवर असतो, आणि त्रिमूर्तीनगरातले विटांचे घर काळ्या मातीवर मे महिन्यात कसे वागते, हे त्यात कोणी शिकवत नाही.

आपल्याकडे कायद्याला माहीत असलेला माणूस म्हणजे महानगरपालिकेकडे नोंदणी असलेला संरचना अभियंता, म्हणजेच बोलीभाषेतला स्ट्रक्चरल इंजिनिअर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची अशा नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. आपण म्हणता ते घर 1993 सालचे असेल, तर ती मुदत उलटून गेली आहे. म्हणून विक्रेत्यांकडे आधी हे प्रमाणपत्र मागा. ते नसेल (आणि मोठा संभव तोच आहे), तर निदान बोलणी करताना आपल्या हाती एक ठोस मुद्दा राहील.

मात्र नोंदणी म्हणजे उंबरठा आहे, घर नव्हे. नोंदणी असलेल्या अनेकांचे सारे आयुष्य नव्या इमारतींचे नकाशे व आकडेमोड करण्यात गेलेले असते आणि जुन्या घराच्या भिंतीसमोर उभे राहण्याची त्यांना सवय नसते. म्हणून फोनवर बोलताना शुल्काची चौकशी नंतर करा आणि आधी एकच प्रश्न विचारा: "खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग आहे, ती कशामुळे आहे हे आपण कसे ठरवाल?"

ज्याला काम येते तो ताबडतोब निदान करणार नाही, उलट आपल्यालाच विचारील. भेग वरच्या टोकाला रुंद आहे की खालच्या? उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते का? ती फक्त गिलाव्यात आहे की विटांतूनही गेली आहे? त्याच भिंतीच्या बाहेरच्या बाजूला तिचा माग दिसतो का? घराभोवती फरसबंदी आहे की उघडी माती? जवळ कडुलिंब किंवा पिंपळ आहे का? गडरचे (सांडपाण्याच्या गटाराचे) चेंबर कोणत्या बाजूला आहे? या प्रश्नांमागे कारण आहे. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती सुकते, पण घराच्या पोटाखालची माती ओलसर राहते. परिणामी कोपरे खचू पाहतात, मधला भाग जागच्या जागी राहतो आणि भिंत तिरकी फाटते. ही हालचाल दरवर्षी होत असेल, तर भेग बुजवून रंग देणे म्हणजे तापावर पावडर लावणे होय. याउलट स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात आडवी गेलेली भेग पुष्कळदा केवळ उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे पडते. 45 अंशांत तापणाऱ्या गावात ती विशेष नवलाची नाही. खांब आणि वीटकाम यांच्यामध्ये उभी गेलेली बारीक रेघ तर बहुधा दुर्लक्ष करण्याजोगी असते. तुळईच्या तळाशी सळईच्या रेषेत गेलेली आणि तांबूस डाग असलेली भेग मात्र गंभीर समजावी, कारण ती आतली सळई गंजून फुगल्याचे सांगते.

तेव्हा विक्रेत्यांचे वाक्य अर्धे खरे आहे. भेग सगळ्यांकडे असते; ती कोणत्या जातीची आहे, हे सांगण्यासाठीच आपण पैसे देणार आहात.

आपल्या बाबतीत मला भेगेपेक्षा वरच्या मजल्याची काळजी अधिक वाटते. 1993 चे घर लोड बेअरिंग (सारा भार भिंतींवर पेलणारे) आहे की आरसीसी फ्रेमचे (काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभे), आणि 2007 मध्ये मजला चढवताना पाया त्या वजनाला पुरेसा आहे की नाही हे कोणी तपासले होते का, याची चौकशी करा. मंजूर नकाशात वरचा मजला नसेल, तर तो कागदपत्रांचा प्रश्न वकिलाकडे न्या. पण पायाचा प्रश्न अभियंत्याचाच राहील.

खामल्याचा शेजारी

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. बँकेच्या अभियंत्याबद्दल थोडे लिहितो, कारण मी स्वतः त्या भ्रमात राहून नुकसान सोसले आहे.

सहा वर्षांपूर्वी एका जुन्या अपार्टमेंटमध्ये सदनिका घेताना, बँकेने माणूस पाठवला आहे म्हणजे तपासणी झालीच, असे मी गृहीत धरले. तो गृहस्थ आला, त्याने खोल्यांची मापे घेतली, चारही बाजूंनी छायाचित्रे काढली, शेजारी चालू भाव काय आहे असे विचारले आणि वीस मिनिटांत निघून गेला. नंतर कळले की तो मूल्यांकनकार होता. कर्जाची रक्कम बुडाली तर ही मालमत्ता विकून वसूल होईल का, एवढेच बँकेला पाहायचे असते, आणि त्या दृष्टीने त्याने आपले काम चोख केले होते. न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबमधून खालच्या शेजाऱ्याकडे गळती होते, हे पाहणे त्याच्या कामात नव्हतेच. राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो शेजारी दारात उभा होता. पुढे न्हाणीघर फोडून पुन्हा करून घेण्यात जे पैसे गेले, त्यात चार घरांची तपासणी झाली असती.

दलालाने सुचवलेल्या माणसाबद्दलही सावध राहावे, असे मला वाटते. तो अप्रामाणिक असेलच असे नाही. परंतु ज्याला पुढची दहा कामे त्याच दलालाकडून मिळणार आहेत, त्याने व्यवहार मोडेल असा अहवाल लिहावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. हीच गोष्ट 'मोफत तपासणी' करून देणाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्यांची. त्यांना प्रत्येक गच्चीत गळती दिसते.

मिस्त्रीपुत्र

माफ करा, पण येथे मिस्त्रीला जरा कमी लेखले जात आहे, म्हणून लिहितो. माझ्या वडिलांनी नागपुरात चाळीस वर्षे बांधकाम केले. गिलाव्यावर नुसते टिचकीने वाजवून तो कुठे पोकळ झाला आहे हे ते सांगत. कोबा कुठे फुटला असेल हे गच्चीचा उतार पाहून ओळखत. आणि अमुक वस्तीत मुरूम किती खोल लागतो हे त्यांना कोणत्याही चाचणीशिवाय ठाऊक होते. कोऱ्या पदवीच्या अभियंत्यापेक्षा असा माणूस केव्हाही बरा.

तरीही, ताई, आपल्या भावाचा सल्ला मी अर्धाच मानीन. मिस्त्री काय झाले आहे ते अचूक सांगतो, पण ते लिहून सही करून देत नाही. आपल्याला भाव कमी करून घ्यायचा असो किंवा व्यवहारातून मागे फिरायचे असो, तोंडी सांगण्याला किंमत नाही. शिवाय वरच्या मजल्याचे वजन पाया पेलतो की नाही, हे माझ्या वडिलांनीही अंदाजाने सांगितले नसते. ते सरळ "इंजिनिअरला विचारा" म्हणाले असते. म्हणून जमल्यास अभियंत्यासोबत एक जाणता मिस्त्रीही न्या. तो एक दिवसाची मजुरी घेईल आणि अभियंता जेथे वाकून पाहणार नाही तेथे वाकून पाहील.

एक खास नागपुरी गोष्ट सांगतो, जी बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. कूलर जेथे बसवत असत, त्या खिडक्यांचे सज्जे आणि त्यांखालची भिंत बारकाईने पाहायला सांगा. तीस उन्हाळे सज्जावर पाणी गळत राहिले, तर वरून रंग कितीही चांगला असला तरी आतली सळई गंजलेली असते, आणि असा सज्जा एके दिवशी पोपडा धरून खाली येतो.

नाल्याकाठचा

माझा अनुभव स्वतंत्र घराचा नाही, तरी निवडीच्या दृष्टीने उपयोगी पडेल असे वाटते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे सर्वांना आठवत असेलच. त्यानंतर वर्षभराने मी त्याच पट्ट्यात तळमजल्यावरची एक सदनिका पाहत होतो आणि विक्रेत्याने पाणी "अंगणापर्यंतच" आले होते असे सांगितले होते.

मी नेमलेल्या अभियंत्याने भिंतींकडे पाहण्याआधी विजेच्या बोर्डांकडे पाहिले. जमिनीलगतचे सगळे सॉकेट कोरे होते आणि वरचे स्विचबोर्ड मात्र पंधरा वर्षे जुने, पिवळे पडलेले होते. मग त्याने दारांच्या चौकटी खालून पाहिल्या, तर गुडघाभर उंचीपर्यंत लाकूड फुगून पुन्हा पॉलिश केलेले दिसले. ओलावामापक यंत्र पिशवीतून बाहेर काढण्याची गरज त्याला पडली नाही. तरी त्याने ते लावले आणि आकडे अहवालात नोंदवले. या माणसाला मी निवडले होते ते त्याच्या यंत्रांमुळे नव्हे. त्याने मला आधीच्या एका घराचा अहवाल, नाव-पत्ता झाकून, वाचायला पाठवला होता. त्यात "सर्वसाधारण स्थिती समाधानकारक" असे एकही वाक्य नव्हते. कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर, किती लांबीचा दोष आहे, त्याचे संभाव्य कारण काय आणि तो लगेच दुरुस्त करायचा की नजर ठेवायची, असे प्रत्येक छायाचित्राखाली लिहिलेले होते. शेवटी एक पान "जे पाहता आले नाही" यासाठी होते: कुलूपबंद खोली, जड कपाटामागची भिंत, फॉल्स सीलिंगवरचा भाग. मला तेच पान सर्वांत विश्वासार्ह वाटले.

मी तो व्यवहार केला नाही. शुल्क म्हणून 9,000 रुपये गेले, त्याचे वाईट वाटले नाही.

वऱ्हाडची लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी तीन अभियंत्यांशी बोलले आणि भेगेचा तोच प्रश्न तिघांना विचारला. पहिले म्हणाले, "काही नाही, क्रॅक फिलर भरून घ्या." दुसऱ्यांनी घर न पाहताच हॅमर टेस्ट आणि अल्ट्रासॉनिक चाचणी मिळून एक मोठे पॅकेज सांगितले. तिसऱ्या बाई आहेत. त्यांनी मलाच सात-आठ प्रश्न विचारले, त्यांतील निम्म्यांची उत्तरे माझ्याकडे नव्हती, आणि पायाजवळ एक लहान खड्डा घेण्यास विक्रेत्यांची परवानगी मिळेल का, असेही विचारले. आधीचा एक अहवालही त्यांनी पाठवला आहे. माझा कल त्यांच्याकडे आहे. मात्र दुसऱ्या अभियंत्यांच्या चाचण्या त्या करणार नाहीत, त्यामुळे काही महत्त्वाचे राहून जाईल का, अशी शंका मनात आहे. दुसरे असे की, विक्रेत्यांना या साऱ्याचा राग आला तर काय करावे?

जुना व्हीआरसीईवाला

तिसऱ्या बाईंना नेमा, ताई.

चाचण्यांबद्दल सांगतो. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, तोही गिलावा काढल्यावर. आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कडक होत असल्याने आकडा उगाच चांगला येऊ शकतो. अल्ट्रासॉनिक चाचणी आतली पोकळी व भेगा दाखवते, त्यामुळे ती अधिक उपयुक्त आहे. परंतु या दोन्ही चाचण्या मुख्यतः खांब आणि तुळयांसाठी आहेत. आपले घर लोड बेअरिंग निघाले, तर त्यात चाचणी करण्यासाठी खांबच नसतील! घर कोणत्या पद्धतीचे आहे हे विचारण्याआधी ज्यांनी चाचण्यांचा दर सांगितला, त्यांनी आपली परीक्षा स्वतःच दिली आहे. बाईंनी मागितलेला खड्डा मात्र पायाची खोली, त्याची रुंदी आणि तो काळ्या मातीत थांबला आहे की मुरमापर्यंत गेला आहे, हे सारे एका सकाळी दाखवील. तो भेगेच्या बाजूच्या कोपऱ्यालगत, अभियंत्यांच्या समक्ष घ्यावा आणि पाहणी झाल्यावर त्याच दिवशी ठोकून भरावा, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. स्लॅबविषयी त्यांना संशय आला, तर थोडे काँक्रीट खरवडून त्यावर फिनॉल्फ्थेलिन नावाचे रसायन टाकायला सांगा. गुलाबी रंग आला तर सळईभोवतीचे काँक्रीट अजून तिचे रक्षण करते आहे. रंग आलाच नाही, तर गंजाला वाट मोकळी आहे. पुढे प्रयोगशाळेतील चाचणीची वेळ आलीच, तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेलीच प्रयोगशाळा निवडा.

कामाचे स्वरूप ईमेलवर लिहून घ्या: काय पाहणार, काय पाहणार नाही, अहवाल किती दिवसांत देणार, आणि त्यावर नोंदणी क्रमांकासह सही असेल का. शुल्क घराच्या किमतीच्या टक्केवारीत नसावे, आणि पावती घ्यावी. तपासणीच्या वेळी आपण दोघांनी सोबत राहावे. जे त्या लिहिताना सौम्य शब्दांत मांडतील, ते समोर उभे असताना स्पष्ट बोलतील.

विक्रेत्यांच्या रागाविषयी असे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. हे कलम त्यांच्या तोंडावर फेकू नका. वरचा मजला चढवताना कोणाचा सल्ला घेतला होता आणि गेल्या काही वर्षांत कोणती दुरुस्ती केली, एवढे दोन प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारा. खड्ड्याला नकार मिळाला, तर इसारपत्रात "संरचना तपासणी समाधानकारक असल्यास" अशी अट घालून रक्कम परतीचा मार्ग मोकळा ठेवा. याचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा.

(नवी सदनिका घेणाऱ्या वाचकांसाठी: रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष दाखवून दिल्यास विकासकाला तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. ताईंच्या घराला त्याचा उपयोग नाही.)

वऱ्हाडची लेक

विक्रेत्यांनी कुरकुर केली, पण खड्ड्याला परवानगी दिली. रविवारी सकाळी साडेसात वाजता, ऊन चढण्यापूर्वी, अभियंता बाई आणि भावाचे मिस्त्री दोघेही येत आहेत. मागच्या खिडकीला पूर्वी कूलर होता असे शेजारच्या काकूंनी सांगितले, म्हणून मिस्त्रींनी शिडी सोबत आणायचे ठरवले आहे.